सगळी आली का?

"मी काही वाढवलेलं नाही सर, एक प्रश्न काढलाय."

समीक्षा हे वाक्य मार्चमध्ये म्हणाली, वर्षाअखेरच्या आढाव्याच्या वेळी. आमच्याकडं हा आढावा एकेकट्याचा होतो, पण राजवर्धनच्या खोलीची काचेची भिंत वरून उघडी आहे, त्यामुळं सगळ्यांना सगळं ऐकू येतं. राजवर्धन कंपनीचा मोठा भागीदार, म्हणजे मालकच. कोरेगावकडच्या ऊसवाल्या घरातला, वडील सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तो दर वर्षी प्रत्येकाला एकच विचारतो: यंदा तू काय व्हॅल्यू ॲड केलीस? त्याची उत्तरंही ठरलेली असतात. कुणी नवीन काहीतरी शिकलेलं असतं, कुणी तीन ॲप वेळेत संपवलेली असतात. समीक्षाचं उत्तर ऐकून राजवर्धननं पेन खाली ठेवलं. खालच्या मजल्यावर विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. तिथं चाचणीला लावलेल्या मोटारीची घरघर येत राहिली.

मग राजवर्धन म्हणाला, "हे मी फॉर्मवर कसं लिहू?"

"जसंच्या तसं लिहा."

"तुला टीमची लीड करायचंय मला. वर 'एक प्रश्न काढला' लिहिलं तर भागीदार काय म्हणतील?"

"मग तुम्हीच काहीतरी लिहा," ती म्हणाली आणि बाहेर येऊन आपल्या जागेवर बसली. चिडलेली नव्हती. ती चिडली की जास्त नम्र होते, हे मला तोवर माहीत झालं होतं.

आमचं ऑफिस कुपवाडच्या रस्त्यावर. अकरा माणसं. कारखान्यांसाठी, दूध संघांसाठी, दवाखान्यांसाठी मोबाइलवरची ॲप बनवतो. त्यातली मराठी मी लिहितो, म्हणजे बटणांवरचे शब्द, सूचना, चूक झाल्यावर दिसणारी वाक्यं. समीक्षा यूएक्स डिझायनर. काय आधी विचारायचं, काय नंतर, कुठलं बटण कुठं ठेवायचं आणि कुठलं ठेवायचंच नाही, हे ती ठरवते.

ती जत तालुक्यातली, कर्नाटकची हद्द चालत गाठता येते अशा वस्तीवरची. घर मेंढपाळांचं. माणसांशी मराठी आणि मेंढरांशी अर्धी कन्नड, अशी घरातली रीत. ती आठ वर्षांची असताना वडील कळप थोरल्या भावावर सोपवून कुपवाडला माल चढवायच्या कामाला आले. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कळपाबरोबर असायची. थोरला चुलता बिराप्पा, त्याला ती आबा म्हणते. त्याची बायको बयाबाई, ती थोरली आई. दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला चालत निघतात आणि पाऊस लागायच्या आत परत येतात. समीक्षाचं भूगोलाचं पुस्तक त्या वाटेवर भिजून फुगलेलं होतं. पेपरात मात्र साताऱ्याच्या नद्या तिनं बरोबर लिहिल्या.

सांगलीत डिप्लोमा करून ती आमच्याकडं आली ती टेस्टर म्हणून. दुसऱ्यांनी केलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. पहिल्या वर्षी एका फाउंड्रीला, म्हणजे वाळूच्या साच्यांत लोखंड ओतणाऱ्या कारखान्याला, हजेरीचं ॲप आम्ही दिलं. अंगठा टेकवायचा आणि आत जायचं. तिथं रोज सकाळी गेटवर गोंधळ. कामगार मोटरसायकलवरून उतरायचे, अंगठा टेकवायचे आणि लाल अक्षरात उमटायचं: अमान्य. तिसऱ्यांदा अमान्य झालं की खाडा. आमचे इंजिनियर म्हणाले, मशीन बदला. समीक्षा कुणाला न सांगता तीन दिवस सकाळी सातला त्या गेटवर उभी राहिली. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, "वाळूनं यांचे अंगठे झिजलेत. करंगळी घ्या. करंगळी कुणी कामाला लावत नाही." तिनं पडद्यावरचं अंगठ्याचं चित्र काढून तिथं करंगळीचं लावलं. मग माझ्याकडं वळून, "आणि अमान्य काढा की सर. माणूस सकाळी सकाळी कामाला आलाय." मी तिथं लिहिलं: पुन्हा टेकवा.

त्यानंतर राजवर्धननं तिला नवं कार्ड छापून दिलं. तिच्या वडिलांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हंजी काय करतीस तू?"

"माणूस कुठं अडखळतो ते बघते."

"आन मग?"

"मग तिथला दगड काढते."

"म्हंजी रस्त्याचं काम," वडील म्हणाले आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून दिलं. ते अजून तिथंच असतं, असं ती सांगते.

पुढं ती वाढत गेली. शिकली मोबाइलवर व्हिडिओ बघून, पण खरं शिकली ती उभं राहून. दवाखान्याच्या रांगेत, बाजार समितीच्या दारात. दोन वर्षांत राजवर्धन तिला विचारल्याशिवाय एकही बटण हलवेनासा झाला. म्हणूनच पुण्याच्या एका औषध कंपनीचं काम आलं तेव्हा ते तिच्याकडं जाणार हे उघड होतं.

काम मेंढ्यांच्या लसीचं. पाऊस पडून कोवळं गवत उगवलं की मेंढरांच्या पोटात विष होतं आणि उभं जनावर तासाभरात आडवं होतं. त्याआधी, मे महिन्यात, लस टोचावी लागते. मेंढपाळ फिरस्ते. त्यांनी मोबाइलवर नोंद करायची, कंपनीनं त्या हिशेबानं बर्फाच्या पेटीतून, टोचणाऱ्या माणसाबरोबर डोस पाठवायचे. साधं काम होतं. कंपनीकडून अंकिता नावाची बाई बघत होती. मूळची साताऱ्याची, हुशार, बोलायला मोकळी.

समीक्षानं केलेला पहिला पडदा मला आठवतो. मातकट रंग, वर एक मेंढी आणि खाली मोठ्या अक्षरात प्रश्न: तुमच्याकडं किती मेंढ्या आहेत? त्याखाली आकड्यांची ठसठशीत बटणं, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतील अशी. लस टोचून झाली की शेवटी हिरवी खूण उमटायची. तिच्याखालचं वाक्य माझं: तुमच्या सर्व मेंढ्यांचं लसीकरण पूर्ण झालं आहे. पुण्यात सगळ्यांना ते फार आवडलं. अंकितानं फोन करून सांगितलं की इतका स्वच्छ पडदा तिनं पाहिला नव्हता.

मे महिन्यात चाळीस कळपांची नोंद झाली. आकडे आले वीस, वीस, तीस, वीस, साठ, वीस. राजवर्धनला वाटलं बटणं बिघडली.

जुलैमध्ये समीक्षाच्या वडिलांचा फोन आला. आबाच्या कळपातली नऊ मेंढरं एका आठवड्यात गेली होती.

ती माझ्यासमोरच बसलेली होती. फोन ठेवून तिनं यादी उघडली. बिराप्पा, मेंढ्या साठ, डोस साठ, हिरवी खूण. "आबाकडं साठ कधीच नव्हती," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ ती त्या हिरव्या खुणेकडं बघत राहिली. मीही बघत होतो, कारण खालचं वाक्य माझं होतं.

"लोक खोटं बोलतात, त्याला आपण काय करणार?" राजवर्धन म्हणाला. तोही हादरला होता, म्हणूनच असं बोलला.

"खोटं नाही सर," समीक्षा म्हणाली. "सांगत नाहीत."

आणि मग तिनं ते सांगितलं. तिच्या घरात मेंढरांचा आकडा कुणी उच्चारत नाही. उच्चारला की कळपाला नजर लागते. कुणी विचारलंच तर हसून म्हणायचं, हायती की धा-वीस. संध्याकाळी मेंढरं आत घेताना आबा मोजत नाही. तोंडं बघतो. काळतोंडी आली, बांडी आली, कानफाटकी कुठं राहिली? बयाबाई चुलीपासून ओरडून विचारते, "सगळी आली का?" किती आली, असं ती कधीच विचारत नाही. समीक्षा दुसरीत असताना शाळेतल्या बाईंनी वर्गात विचारलं, तुमच्या घरी किती मेंढ्या? तिनं खरा आकडा सांगितला. त्या रात्री लांडग्यानं एक कोकरू नेलं. बयाबाईनं तिच्या थोबाडीत मारली आणि मग तिलाच जवळ घेऊन रडत बसली.

"हे सगळं तुला माहीत होतं," राजवर्धन हळू म्हणाला.

"होतं."

"आणि तरी पहिला प्रश्न तोच?"

"इथं बसल्यावर पहिला प्रश्न तोच सुचतो," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर अडाणीपण म्हणून सोडून देता आलं असतं. तिला ती सोय नव्हती. ती वस्तीवर गेली नाही. श्रावणात नाही, दसऱ्याला नाही. दिवाळीनंतर कळप लोणंदकडं सरकल्यावर मात्र एका रविवारी सकाळच्या गाडीनं ती गेली. तिकडं काय झालं ते तिनं मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

लोणंदच्या बाहेर, कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात तळ पडला होता. खताला म्हणून रानमालकानं मेंढरं बसवून घेतलेली. बयाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर करून बघितलं.

"आली का ऑफिसवाली? बस. ढेकळं टोचतील, घोंगड्यावर बस."

बिराप्पा मेंढरांना पाणी दाखवून आला. नऊ मेंढरांविषयी अवाक्षर नाही. शेवटी हिनंच काढलं. "आबा, माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? तुमच्या माणसानं साठाचं औषिद दिलं. गाभणीस्नी दिलं, कोकरास्नी दिलं. उरल्याली राहिली. मी म्हनलं, आनखी पायजे. त्यो म्हनला, फोनात तर पुरं झालं म्हनून दावतंय."

"तुम्ही साठ का सांगितलं?"

"मग काय सगळी सांगू?" बिराप्पा तिच्याकडं असा बघू लागला की तिनं नजर खाली घातली. "साठ बी लय सांगितली. तुजं ॲप हाय म्हनून सांगितली. दुसऱ्याला धा-वीसच म्हनलो असतो."

तिला सगळ्यात जास्त ते लागलं. साठ हा आकडा म्हणजे आबानं तिच्यावर टाकलेला विश्वास होता.

दुपारी ती बसून राहिली आणि बघत राहिली, जशी गेटवर उभी राहिली होती तशी. बिराप्पा काठ्या रोवून वाघर ताणत होता. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची सुताची जाळी. एक संपली की दुसरी तिला जोडायची. रानमालक बांधावरून जाता जाता ओरडला, "आज किती वाघरा लावल्या रं, बिराप्पा?" आणि बिराप्पानं न अडखळता उत्तर दिलं, "सा हायत्या मालक."

समीक्षा उठून उभी राहिली. "आबा, वाघरा किती ते सांगता तुम्ही?"

"वाघरीला काय नजर लागती? सुताची जाळी ती."

"जंताचं औषध आणताना दुकानात काय सांगता?"

"सा वाघरांचं दे म्हनतो. त्यो बाटल्या काढून देतो. त्येला कळतंय, मला कळतंय. बोलायचं कशाला?"

बयाबाई चुलीपुढून म्हणाली, "एवढं शिकून हेच इचारायला आलीस व्हय गं? मला इचारलं असतंस तर फोनवर सांगितलं असतं."

निघताना तिनं आबाला शब्द दिला. पुढच्या साली ॲप आकडा विचारणार नाही. आकडा कुठं दिसणारही नाही. बिराप्पा म्हणाला, "बघ बाय." त्याचा अर्थ हो होता की नाही, हे तिला कळलं नाही.

नवा पडदा तिनं हिवाळ्यात केला. मेंढीचं चित्र गेलं, आकड्यांची बटणं गेली. एकाखाली एक जोडलेल्या वाघरांची चित्रं, एक ते आठ. आपल्या तळावर जेवढ्या लागतात त्या चित्रावर बोट ठेवायचं. मशीन आतल्या आत अंदाज बांधतं, वर थोडे जास्त डोस धरतं आणि पेटी पाठवतं. हिरवी खूणही तिनं काढून टाकली. तिथं काय लिहायचं यावर आम्ही दोन दिवस घातले. शेवटी तिनंच सुचवलं: कुणी राहिलं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. हो दाबलं की पेटी पुन्हा निघते. मी आयुष्यात बरीच वाक्यं लिहिली असतील, पण इतकं साधं मला सुचलं नसतं.

मार्चच्या त्या आढाव्यानंतर, एप्रिलमध्ये, पुण्याची मंडळी बघायला येणार ठरलं. राजवर्धनच्या डोक्यात आलं की खरा वापरणारा माणूसच समोर बसवावा. त्यानं बिराप्पाला बोलवायला सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी अंकिताचा फोन आला.

"समीक्षा, वाघरांचं फारच छान झालंय. फक्त आमच्या बाजूच्या यादीत नावापुढं अंदाजे मेंढ्या दिसू दे."

"डोस मोजले जातातच ना आत. दाखवायचं कशाला?"

"आमच्या साहेबांना आकडा डोळ्यानं दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही गं. मेंढपाळांना थोडाच दिसणार आहे? आपल्यापुरतं."

राजवर्धन तिच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. "एक ओळ आहे समीक्षा. उद्या त्यांच्यासमोरच मला लीडचं जाहीर करायचंय. एका ओळीसाठी अडून नको बसू."

 दहा मिनिटांत तिनं ती ओळ घातली. शब्द माझ्याकडं मागितले. मी दिले: अंदाजे मेंढ्या. तिनं विचारलं नाही की घालू का, आणि मीही म्हटलं नाही की नको घालूस.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून ती बिराप्पाला घेऊन आली. डोक्याला नवा फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात कापडी पिशवी. एसीच्या गारव्यात त्यानं घोंगडं अंगाभोवती लपेटून घेतलं आणि पिशवी खुर्चीखाली ठेवली. अंकितानं स्वतः त्याला चहा दिला. पुण्याचे साहेबही आले होते. केस पिकलेले, बोलायला अदबशीर. ते म्हणाले, "मामा, लांबून आलात."

"न्हाई न्हाई, गाडीनं आलो की. चालत आलो असतो तर चार दिस लागलं असतं." सगळे हसले. तोही हसला.

भिंतीवर पडदा उमटला. बिराप्पानं पुढं होऊन मोबाइलवर सहा वाघरांवर बोट ठेवलं. पुढच्या पडद्यावर समीक्षानं वाचून दाखवलं, कुणी राहिलं का? त्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड जरा फुललं. "हे तुज्या थोरल्या आयचं हाय," तो म्हणाला. समीक्षाला इतकं खुशीत मी याआधी पाहिलं नव्हतं.

"आणि ही नोंद आपल्या बाजूला लगेच पोचते," राजवर्धन उत्साहानं म्हणाला. त्यानं तिच्या लॅपटॉपवर पुढं होऊन दुसरी यादी उघडली. चाळीस नावं. सगळ्यात वर बिराप्पाचं, शेजारी त्याचा फोटो, आणि पुढं अंदाजे मेंढ्या: २४०.

"वा, मामा," साहेब मनापासून म्हणाले. "अडीचशेच्या घरात. मोठा कळप आहे की."

बिराप्पाला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात. गाडीचे नंबर, बाजाराचे भाव त्याच्यावरच चालतात. तो भिंतीकडं बघत राहिला.

"ह्यो आकडा कुणाचा?"

अंकिता म्हणाली, "तुमचाच मामा. वाघरांवरून काढलाय."

त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. "समे, कुणी सांगितला?"

"कुणी सांगितला नाही आबा. मशीन काढतं."

"मशीन काढंना का. भितीवर कुणी लिवला?"

 समीक्षा म्हणाली, "मी."

बिराप्पानं मान हलवली. अगदी हळू, जणू एखादी वाट बंद आहे असं त्याला कुणी सांगितलं होतं. त्यानं घोंगडं नीट घडी घालून खांद्यावर टाकलं आणि राजवर्धनला हात जोडले. "येतो सायेब. दुपारची गाडी हाय. मेंढरं एकट्या बयावर टाकून आलोय. चहा बेस व्हता." आणि तो दार उघडून निघून गेला. जिन्यावर त्याच्या जाड वहाणांचा आवाज उतरत गेला.

"सॉरी," अंकिता म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं."

"होईल ठीक," राजवर्धन म्हणाला. "समीक्षा, बस तू. आपण नंतर फोन करू त्यांना. पुढचं दाखव."

समीक्षा उभीच होती. ती लॅपटॉपवर वाकली. भिंतीवरचा बाण हलला, यादीच्या वर गेला आणि त्या आकड्यांच्या रकान्यावर थांबला. आम्ही सगळे त्या बाणाकडं बघत होतो. मग रकाना निळा झाला आणि नाहीसा झाला. चाळीस नावं राहिली आणि नावांपुढं कोरी जागा.

"अगं, पण साहेबांना ते..." अंकिता म्हणाली. साहेबांनी हात वर केला. तो थांब म्हणायला होता की असू दे म्हणायला, सांगता येणार नाही.

"समीक्षा," राजवर्धन म्हणाला. त्याच्यासमोर टेबलावर पाकीट होतं. त्यात लीडचं पत्र आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तिनं बदल सेव्ह केला. लॅपटॉप तसाच उघडा ठेवला. खुर्चीखाली बिराप्पाची कापडी पिशवी राहिली होती. फडक्यातल्या भाकरीचा गोल त्यातून दिसत होता. तिनं ती उचलली, दार उघडलं आणि आबाच्या मागं बाहेर पडली.